झोप येत नाही की झोप नकोच वाटते? तरुण मुलं, बायपोलर आणि तुमचे प्रश्न

बायपोलर म्हणजे मूडचा असा आजार ज्यात काही दिवस किंवा आठवडे मन एकदम वर चढतं, त्याला मॅनिया म्हणतो, आणि कधी ते खोल खाली जातं, ते डिप्रेशन. बहुतेकांना पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान सुरू होतो, त्यामुळे या वेळी आलेले प्रश्न आईवडिलांचे आणि कॉलेजातल्या मुलामुलींचेच जास्त आहेत. त्यातले पाच घेतोय.

प्रश्न: मुलगा 18 वर्षांचा, ढोल पथकात आहे. गणपती झाल्यापासून दहा-बारा दिवस रात्री दोन-तीन तासच झोपतो तरी थकत नाही. पहाटे चारला कपाट आवरत बसतो, धंदा काढायचाय म्हणून मित्राकडून उधार घेऊन 40 हजारांचं सामान मागवलं. अडवलं की अंगावर येतो. उन्हाळ्यात मात्र दीड महिना खोलीबाहेर येत नव्हता. सगळे म्हणतात वयच तसं आहे. (आई, चिंचवड)

ताई, वय म्हणून सोडून देऊ नका, याच आठवड्यात सायकियाट्रिस्टला दाखवा. निदान मी इथून सांगू शकत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या एका गोष्टीवर मी थांबलो, ती म्हणजे कमी झोपूनही तो थकत नाही. परीक्षेच्या टेन्शनने झोप उडाली तर मूल दुसऱ्या दिवशी पेंगतं, चिडचिड करतं, दुपारी आडवं होतं. मॅनियात झोपेची गरजच कमी होते, तीन तास झोपून पोरगा ताजातवाना उठतो आणि त्याला वाटतं आपल्याला काहीतरी पॉवरच मिळालीय. या दोन्हीतला फरक घरच्यांना नीट विचारला तर लगेच सांगता येतो, पण बऱ्याचदा त्यांना कोणी विचारतच नाही.

दुसरं म्हणजे हे एक-दोन दिवसांचं नाही. मूड वर गेलेला किंवा चिडचिडा, अंगात एनर्जी जास्त, बोलण्याला ब्रेक नाही, पैसे उडवणं, मोठमोठे प्लॅन, असं सगळं एकत्र आणि जवळजवळ रोज आठवडाभर टिकलं तर मॅनियाचा विचार करावाच लागतो, आणि सौम्य प्रकार असेल, म्हणजे हायपोमॅनिया, तर चार दिवसही पुरतात. त्यात उन्हाळ्यातला तो दीड महिना मला महत्त्वाचा वाटतो. बायपोलरची सुरुवात बऱ्याच मुलांमध्ये डिप्रेशननेच होते, आणि त्या डिप्रेशनमध्ये मूल रडतंच असं नाही, कधी नुसतं खूप झोपतं, खूप खातं, अंग शिशासारखं जड झालंय म्हणतं. ते आळशीपणात जमा होतं.

गणपतीचं म्हणाल तर ढोलामुळे आजार होत नाही हो, पण ज्याच्यात मुळात कल आहे त्याला सलग जागरणं ढकलून देऊ शकतात. झोप बिघडणं हे आजाराचं लक्षणही आहे आणि ठिणगीही.

माझ्याकडे एक आई यायच्या, त्यांनी मुलाच्या पहिल्या एपिसोडनंतर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज पेन्सिलने दोन आकडे लिहायला सुरुवात केली, झोपला किती वाजता आणि उठला किती वाजता, आणि ज्या दिवशी बोलणं फार वाढलं त्या चौकोनात एक टिंब. पुढच्या वर्षी त्यांनी तेच पान फाडून माझ्या टेबलावर ठेवलं, सलग तीन रात्री ‘उठला 3’ आणि तीन टिंबं. मुलगा बाहेर बाकावर हसतखेळत बसला होता, कोणालाच आजारी वाटला नसता. औषधं तेव्हाच ॲडजस्ट केली आणि ॲडमिट करायची वेळ आली नाही. आजपासून तुम्हीही असंच लिहा आणि डॉक्टरांकडे जाताना घेऊन जा.

तोवर वाद घालू नका, त्या अवस्थेत समजावून काही उपयोग होत नाही. गाडीची चावी, कार्ड, फोनमधलं पेमेंट शांतपणे तुमच्या ताब्यात घ्या. आवाज ऐकू येतात, कोणीतरी मागे लागलंय म्हणाला किंवा मरायची भाषा केली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं.

प्रश्न: मुलगी 9 वर्षांची, रोज रागाचे झटके येतात, वस्तू फेकते. इंटरनेटवर वाचलं की हे बायपोलर असू शकतं. खूप घाबरलोय. (वडील, नाशिक)

दादा, जी चिडचिड बारा महिने रोजचीच आहे ती सहसा बायपोलरची नसते. बायपोलर येतं आणि जातं, मधे मूल आपल्या मूळ स्वभावावर परत येतं. हा फरक न पाळल्याने अमेरिकेत 1994-95 ते 2002-03 या काळात मुला-तरुणांच्या डॉक्टर-भेटींमध्ये बायपोलरचं निदान जवळजवळ 40 पट वाढलं. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की सतत चिडणाऱ्या मुलांना मोठेपणी डिप्रेशन आणि अँक्झायटी जास्त होते, बायपोलर तितकंसं नाही, आणि म्हणून 2013 साली तिथे अशा मुलांसाठी वेगळं निदानच आणलं. मुलीला बालमानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा जरूर, एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा, अभ्यासातली अडचण, शाळेतला त्रास हे सगळं बघावं लागेल, पण लेबल घरून लावून नेऊ नका.

प्रश्न: आईला बायपोलर आहे. मी 20 वर्षांची. एखाद्या दिवशी खूप खूश असले तरी भीती वाटते. मला होणारच का? (कोल्हापूर)

नाही गं, होणारच असं अजिबात नाही. हा आजार घराण्यात चालतो हे खरं, साध्या लोकसंख्येत शंभरात एखाद्याला होतो तर आई किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये साधारण 5 ते 10 टक्के. म्हणजे शंभरातल्या नव्वदजणांना होत नाही. एक दिवस खूश असणं हे लक्षण नाही, रिझल्ट चांगला लागला, आवडत्या माणसाचा फोन आला, तर माणूस नाचणारच, नाचावंच.

कॅनडात आणि अमेरिकेत पिट्सबर्गला अशा आईवडिलांच्या मुलांना वर्षानुवर्षं फॉलो केलंय. काहींमध्ये लहानपणी अँक्झायटी किंवा झोपेच्या तक्रारी होत्या, मग वयात येताना डिप्रेशन, आणि त्यानंतर कुठेतरी पहिला मॅनिया. जपून बघायच्या खुणा म्हणजे मूड क्षणाक्षणाला हेलकावणं आणि मॅनियासारखीच पण छोटी, अर्धवट लक्षणं येऊन जाणं. हे वाचून रोज स्वतःला तपासत बसू नकोस. झोपायची-उठायची वेळ ठरलेली ठेव, सुट्टीतसुद्धा, आणि गांजाला हात लावू नकोस, तुझ्यासाठी तो इतरांपेक्षा जास्त धोक्याचा आहे. एका मैत्रिणीला सांगून ठेव की मी वेगळी वागतेय असं वाटलं तर तोंडावर सांग, कारण मॅनियात असलेल्या माणसाला स्वतःला सगळं छानच वाटत असतं. आणि कधी डिप्रेशनसाठी डॉक्टरकडे गेलीस तर आईचा आजार पहिल्या पाच मिनिटांत सांग, कारण नुसत्या अँटिडिप्रेसंटने बायपोलर असलेल्याचा मूड उलट मॅनियात जाऊ शकतो.

प्रश्न: रक्ताची टेस्ट किंवा एमआरआय करून आधीच कळतं का? (पुणे)

नाही. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन, शरीरातली सूज दाखवणारे घटक, मेंदूतल्या भावनांच्या सर्किटमधले फरक यावर संशोधन खूप चाललंय, पण ते फरक गटागटांत दिसतात, एका मुलाचा रिपोर्ट बघून काही सांगता येत नाही. कोणी हजारो रुपये घेऊन ‘ब्रेन स्कॅनने बायपोलर ओळखतो’ म्हणत असेल तर पैसे देऊ नका. थायरॉईड, बी-12 वगैरे आम्ही करायला सांगतो ते दुसरी कारणं वगळायला, थायरॉईड वाढलं तरी माणूस असाच सैरभैर होतो, आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनीसुद्धा.

प्रश्न: भाऊ 22 वर्षांचा, लक्षणं सगळी आहेत पण ‘मी वेडा नाही’ म्हणून डॉक्टरकडे यायला तयार नाही. घरचे म्हणतात लग्न करून टाका. (जालना)

लग्नाचं आधी थांबवा. लग्नातली जागरणं, धावपळ, खर्च हे सगळं त्याच्या मूडला नको असलेलंच आहे आणि समोरच्या मुलीवर तर तो सरळ अन्याय आहे. भावाशी आजाराचं नाव घेऊन बोलू नका, झोपेचं बोला. “अरे आठ दिवस झाले झोपला नाहीस, फक्त झोपेसाठी दाखवून येऊ, मी येतो बरोबर” याला मुलं पुष्कळदा हो म्हणतात, कारण आतून त्यांनाही कुठेतरी ते जाणवत असतं. घरात तो ज्याचं ऐकतो त्या एकालाच बोलू दे, मग तो मामा असो नाहीतर जुना मित्र, चारजणांनी मिळून घेरू नका. तरीही नाहीच म्हणाला तर तुम्ही एकटे जाऊन डॉक्टरांना सगळं सांगा, घरच्यांनी आधी भेटणं यात काही गैर नाही. जवळ सायकियाट्रिस्ट नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलतात.