उत्तर: ५ टक्के ठीक आहे, पण किती बिटांवरून?

तुमची पोस्ट वाचली. बीबी८४ चं (फोटॉनवरून गुप्त की ठरवायची क्वांटम पद्धत) सिम्युलेशन, २००० सिफ्टेड बिट (दोघांचा बेसिस, म्हणजे मोजायची दिशा, जुळली ते), एरर ५ टक्के म्हणजे की मिळायच्या ११ च्या मर्यादेखाली, तरी गाइड विचारतायत "सिक्युरिटी प्रूफ कुठंय?" हसूच आलं ओ, सोलापुरात एमएस्सीला असताना माझंही डिट्टो हेच झालं होतं. सिफ्टिंग, एन्ट्रॉपी वगैरे तुम्हाला येतंय असं धरतो.

मी शॉर-प्रेस्किलच्या २००० सालच्या बीबी८४ प्रूफच्या पेपरातलं १ वजा २एच(ई) उचललं (ई म्हणजे एरर, एच म्हणजे एन्ट्रॉपी; दर बिटामागं किती गुप्त की उरते ते), ५ टक्के टाकले, रेट ०.४३ च्या आसपास आला, खुश! व्हायवाला परीक्षकांनी पेन्सिलीनं त्या ५ भोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं, "किती बिटांवरून?" एरर मोजायला मी उघड केलेले बिट होते फक्त २००. तो फॉर्म्युला बिटांची संख्या अनंताकडे जाते तेव्हाचा. आपल्याला हवी असते उरलेल्या १८०० बिटांची फेज एरर (तेच बिट दुसऱ्या बेसिसमध्ये मोजले असते तर आली असती ती; चोरून ऐकणाऱ्याला किती कळलं ते तिच्यावरून ठरतं), आणि ती थेट मोजताच येत नाही, दुसऱ्या बेसिसमधल्या नमुन्यावरून अंदाज बांधायचा. घरी येऊन सर्फलिंगचा बाउंड (नमुन्यावरून उरलेल्यांची एरर जास्तीत जास्त किती ते सांगणारा) लावला, चुकायची शक्यता दहाचा उणे दहावा घात धरून, तर ५ चे झाले ३० च्या आसपास. सीक्रेट की शून्य.

त्यात शीर्षकात एक "असिम्प्टॉटिक" (बिट अनंत धरून केलेलं) शब्द वाढला म्हणून एका खिडकीवर नवा अर्ज मागितला, मग गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी, मग "साहेब जेवायला गेलेत", तीन आठवडे नुसते हेलपाटे. सेमिस्टर गेलं ते गेलंच. असो.

मी काही तज्ज्ञ नाही, शेवटी गाइडचंच ऐका, पण एकेक हल्ला मोजत बसू नका. इंटरसेप्ट-रिसेंडला (फोटॉन मधेच पकडून, मोजून पुढं पाठवणं) २५ टक्के एरर येते हे दाखवलं म्हणजे एक चोर सापडला, प्रूफ नाही झालं. ब्लॉक लाखाच्या घरात न्या, तोमामिकेल, लिम, गिसिन, रेनर यांचा २०१२ चा फायनाइट-की (मर्यादित बिटांच्या हिशोबाचा) पेपर आधी वाचा, रेनरचा २००५ चा प्रबंध नंतर, मी उलटं केलं आणि डोकं धरून बसलो. आणि "ईव्हला (चोरून ऐकणारीला) काहीच कळत नाही" असं चुकूनही लिहू नका, एप्सिलॉन, म्हणजे सुरक्षा फसायची शक्यता, किती ते लिहा. खरा लेझर वापरणार असाल तर डिकॉय स्टेटशिवाय (मधेमधे वेगळ्या तीव्रतेचे फसवे पल्स पाठवणं) भागणार नाही, पण तो वेगळाच विषय.

हां, आणि बाइंडिंग व्हायवा झाल्यावरच करा. सात रस्त्यावर मी दोनदा पैसे घातलेत.