सर्किट बोर्डच्या सिम्युलेशनमध्ये करिअर होतं का?

कराडहून एक वडील लिहितात: मुलगी ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सर्किट बोर्डमुळे होणाऱ्या विद्युतचुंबकीय व्यत्ययाचं संगणकावर मॉडेलिंग करायचं, हे तिने मनावर घेतलंय. नातेवाईक आयटीत घाला म्हणतात. एक क्लास सिम्युलेशन सॉफ्टवेअर शिकवायला भरमसाट फी मागतोय. भरू का?

सप्रेम नमस्कार.

फी भरू नका, पण विषयही सोडायला लावू नका.

बोर्डाला जोडलेल्या मीटरभर केबलमधून 50 मेगाहर्ट्झला जेमतेम 5 मायक्रोअँपिअर कॉमन मोड प्रवाह (केबलच्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने जाणारा नकोसा प्रवाह) वाहिला, तरी अमेरिकेतली घरगुती उपकरणांनी बाहेर टाकलेल्या रेडिओ लहरींवरची एफसीसी क्लास बी ही सरकारी मर्यादा ओलांडली जाते. बोर्ड बनून आल्यावर चाचणीत नापास झाला, की लेआउट पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कंपन्यांना आधीच हिशेब करून सांगणारी माणसं हवी असतात.

सॉफ्टवेअरची बटणं काय, हाताखालून गेली की कळतात. मॉडेलमध्ये काय ठेवायचं नि काय गाळायचं, हे ठरवणं खरं अवघड. बोर्डावरचा तांब्याचा थर साधारण 35 मायक्रॉनचा. एफडीटीडी पद्धतीत, म्हणजे जागेचे छोटे घन पाडून वेळेच्या छोट्या पायऱ्यांनी क्षेत्राचा हिशेब करण्यात, सगळीकडे त्याच मापाचे घन घेतले, तर दर वेळी जेमतेम 0.067 पिकोसेकंदच पुढे सरकता येतं. 30 मेगाहर्ट्झचं एकच आवर्तन पुरं व्हायला जवळजवळ 5 लाख पायऱ्या! म्हणून तांब्याला जाडीच नाही असं बहुधा धरतात, आणि ते चालतं. केबल गाळली, तर मात्र चित्र रंगीत येतं आणि उत्तर चुकतं.

ही जाण क्लासमध्ये मिळत नाही. तिला दोन बोर्ड करू द्या: एकाचं ग्राउंड प्लेन (परतीचा प्रवाह वाहून नेणारा तांब्याचा पसरट थर) अखंड, दुसऱ्यात ट्रॅकखाली आडवी चीर. परतीच्या प्रवाहाला चिरेला वळसा घालावा लागतो, तिथेच गडबड सुरू होते. आराखडा किकॅडमध्ये, मॉडेल ओपनईएमएसमध्ये; दोन्ही फुकट आहेत. मग कॉलेजच्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर लूप प्रोबने (चुंबकीय क्षेत्र टिपणाऱ्या तारेच्या कडीने) मोजायचं. मॉडेल आणि मोजमाप जुळणार नाहीत. का जुळले नाहीत, ते वहीत लिहायचं. मुलाखतीत प्रमाणपत्राऐवजी ती वही पुढे करावी, असं माझं मत.

जागा आयटीइतक्या नाहीत, हे खरं. पण पुण्यात वाहनांची चाचणी नि संशोधन करणारी एआरएआय, पवईत समीर ही इलेक्ट्रॉनिक्सची सरकारी संशोधन संस्था, शिवाय चाकणच्या वाहन-इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या, म्हणजे अगदी परमुलखात जायला नको. नातेवाईकांचं एक ऐका: पायथन तिने शिकावंच, इथेही लागतं.

तिचा इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सचा पेपर कसा गेला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. काठावर सुटला असेल, तर या सुट्टीत आधी तोच विषय पुन्हा करायला सांगा.