काउंटरवर हळू आवाजात मागायची बाटली

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल दुपारी तू दुकानात आलास. आधीची दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत उगाच बामच्या डब्या बघत उभा राहिलास आणि मग कुजबुजलास, "काका, केसांचं ते पाच टक्केवालं आहे का?" मी म्हटलं, आधी बोलू, मग देतो. तेवढ्यानं तुझा चेहरा उतरला. "राहू दे" म्हणालास आणि गाडी काढून गेलास. रात्री जेवताना तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून हे लिहितोय. तुझ्या बाबांना काही बोललेलो नाही, निर्धास्त राहा.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या या काउंटरमागं उभं राहून मला तीस वर्षं झाली. मूळव्याधीचं मलम लोक खणखणीत आवाजात मागतात. कंडोम मागणारी पोरंही आता लाजत नाहीत. केसांचं औषध मागणारा मात्र अजून कुजबुजतो. कुजबुजणारा माणूस काही विचारत नाही. समोर येईल ती बाटली पिशवीत टाकतो आणि पैसे मोजतो. केसांच्या नावावर फसवणाऱ्यांचं सगळं दुकान या कुजबुजीवर चालतं.

आता तुझ्या केसांकडं येऊ. गणपतीत तुला डेंग्यू झाला होता, आठवतं? सलाइन लागली होती. मोठा ताप, ऑपरेशन किंवा उपाशीपोटीचं डाएट झालं की वाढीला लागलेले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणजे ताप गणपतीतला, केस मोरीत दिसणार दिवाळीच्या पुढंमागं. तू म्हणालास ते मूठमूठ केस बहुधा तेच. एरवीही दिवसाला पन्नास ते शंभर केस जातातच. डोक्यावर साधारण लाखभर असतात. तापानंतरची ही गळती बहुतेकांची सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात. तिला औषधाचीही गरज नसते. पण याच काळात जो कुणी काही लावतो, त्याला वाटतं आपल्या तेलानं गुण आला. निम्म्या तेलांची कीर्ती अशी तयार झालीय.

मला काळजी वेगळ्याची आहे. तुझ्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केस मागं सरकायला लागलेत ते डेंग्यूच्या आधीपासून. दोन वर्षांपूर्वीचा दसरा चौकातला तुझा फोटो काढून बघ. हे वेगळं दुखणं आहे आणि ते मोरीत दिसत नाही. यात केस एकदम गळून जात नाही. प्रत्येक फेरीला आधीपेक्षा बारीक उगवतो, आखूड राहतो, शेवटी लव होऊन बसतो. लोक उशीवरचे केस मोजत बसतात आणि डोक्यावरचे बारीक होत जातात.

कारण सांगतो. पुरुषाच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून एक वितंचक, म्हणजे एन्झाइम, डीएचटी नावाचं संप्रेरक बनवतं. काहींच्या कपाळावरची आणि टाळूवरची केसांची मुळं या डीएचटीला जन्मतःच हळवी असतात. मागची आणि कानांवरची नसतात. म्हणून टक्कल पडलं तरी मागं झालर राहते. रक्तात हार्मोन जास्त असतं असंही नाही, मूळ हळवं असतं. हा हळवेपणा आजोळाकडूनच येतो हे अर्धं खरं. त्यातला एक महत्त्वाचा जनुक आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळं मामाचं डोकं बघायला हरकत नाही, पण बाबांचंही बघ. तुझ्या बाबांचं तर मी रोजच बघतो.

म्हणजे हेल्मेट, शॉवर, रोजचा शाम्पू, बोअरचं पाणी यातलं कुणीही गुन्हेगार नाही. मुंडण केल्यानं केस दाट येत नाहीत, टोक बोथट होतं म्हणून राठ लागतात इतकंच. २०२५ च्या जानेवारीत बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडलं, तेव्हा आपल्याकडंही चार जणांनी पाण्याला नावं ठेवली. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी मात्र गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. ते प्रकरणच निराळं. असं गावभर, आठवड्यात होतं तेव्हा कारण बाहेर शोधायचं. तुझ्यासारखं कोपऱ्यातून वर्षानुवर्षं सरकतं तेव्हा नाही. आणि गुळगुळीत गोल चकती पडली तर ती चाई, तिचे उपचार वेगळे. त्यावर कांद्याचा रस चोळत बसू नकोस, सरळ डॉक्टर गाठ.

त्या पाच टक्केवाल्याचं नाव मिनॉक्सिडिल. ते मुळात रक्तदाबाची गोळी म्हणून आलं. घेणाऱ्यांच्या अंगावर, कपाळावर केस वाढायला लागले, तेव्हा कंपनीच्या लक्षात आलं की यात दुसराही धंदा आहे. १९८८ साली अमेरिकेत दोन टक्क्यांचं द्रावण पुरुषांच्या डोक्यासाठी मंजूर झालं, पाच टक्के नंतर आलं. लावायचं ते कोरड्या टाळूवर, केसांवर नाही; एका वेळी एक मिली, दिवसातून दोनदा. साठ मिलीची बाटली म्हणजे बरोबर एक महिना. दोन महिने पुरवणारा कमी लावतोय हे मला बिलावरूनच कळतं. लावून चार तास डोकं धुवायचं नाही, हात मात्र लगेच धुवायचे. तुमच्या घरात मांजर आहे ना? तिला डोकं चाटू देऊ नकोस, उशीवर झोपवू नकोस. मांजराला हे औषध विषासमान आहे. खाज सुटली, टाळू लाल झाली तर बहुतेकदा द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलमुळं. मग ते नसलेला फोम मिळतो, तो लावायचा.

आता महत्त्वाचं. सुरुवातीच्या दोन महिन्यांत केस जास्त गळतात. जुने, विश्रांतीतले केस नव्यांना जागा करून देतात. मला हे कुणी सांगायला नको होतं, मी डी. फार्म. झालेलो. तरी नव्वदच्या दशकात, माझं लग्न ठरायच्या सुमारास, मीच लावायला लागलो आणि सहाव्या आठवड्यात कंगव्यात केस बघून घाबरलो. बाटली फेकली. मग कुणीतरी एक 'गॅरंटी'वाला सांगितला. नाव सांगत नाही, तो आता आहे की नाही तेही माहीत नाही. त्यानं चाळीस दिवसांचा लेप दिला, आगाऊ दोन महिन्यांचा पगार घेतला. अकराव्या दिवशी टाळूवर फोड आले. विचारायला गेलो तर म्हणाला, "उष्णता बाहेर पडतेय." मी, औषधांचं शिकलेला माणूस, ते ऐकून घरी आलो आणि आणखी चार दिवस लावलं! लाज माणसाचं शिक्षण कसं पुसून टाकते ते मी तेव्हा बघितलं. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत अनुसूची 'जे' नावाची एक यादी आहे. जे आजार आमचं औषध बरं करतं असा दावा करताच येत नाही, त्यांची यादी. त्यात टक्कल आहे. म्हणजे "टक्कल घालवतो" असं ज्या औषधाच्या बाटलीवर छापलंय, तिनं पहिल्याच ओळीत नियम मोडलाय.

मिनॉक्सिडिलचा फरक बघायला चार ते सहा महिने लागतात. आणि बंद केलं की तीन-सहा महिन्यांत मिळवलेलं सगळं जातं. म्हणून काल दिली नाही. एक बाटली घेऊन बघू, असं या औषधाचं नसतं. चालवणार असशील तरच सुरू कर.

दुसरं औषध म्हणजे फिनास्टेराइडची गोळी. ही डीएचटी बनवणाऱ्या त्या वितंचकालाच अडवते. डॉमिनिकन प्रजासत्ताकात काही कुटुंबांत जन्मतः हे वितंचक कमी असलेले पुरुष होते. त्यांची प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी, लहान राहते आणि टक्कल पडत नाही, हे १९७४ च्या सुमारास डॉक्टरांनी नोंदवलं. त्यातून आधी प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅमची गोळी आली, १९९२ ला. १९९७ च्या डिसेंबरात केसांसाठी एक मिलिग्रॅम. गळती थांबवण्यात तिचा हात मिनॉक्सिडिलपेक्षा भारी. पण ही चिठ्ठीशिवाय मी तुला देणार नाही, आणि दुसरा कुणी देत असेल तर घेऊ नकोस. इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं असे परिणाम चाचण्यांत गोळी घेणाऱ्या ३.८ टक्क्यांत दिसले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या २.१ टक्क्यांत. बहुतेकांचं बंद केल्यावर जातं. काहींनी ते टिकून राहिल्याचं सांगितलंय. मन उदास होणं, नको ते विचार येणं हाही इशारा आता औषधासोबत दिला जातो. तुझ्या त्या बारावीनंतरच्या वर्षाबद्दल डॉक्टरांना स्वतःहून सांग, ते विचारतीलच असं नाही. गोळी चालू असताना मंडळाच्या शिबिरात रक्तदान करायचं नाही, शेवटच्या गोळीनंतर महिनाभर थांबायचं. ते रक्त गरोदर बाईला गेलं तर पोटातल्या मुलग्याला धोका. त्याच कारणानं पाच मिलिग्रॅमची गोळी घरी ब्लेडनं कापून चार करायची शक्कल लढवू नकोस, विशेषतः वहिनींना दिवस गेलेले असताना. पुढं मूल हवं असताना अडचण आली तर या गोळीचं नाव डॉक्टरांपासून लपवायचं नाही.

जिमचं विचारायचं राहिलं. तालमीतली पोरं दूध-बदामावर होती, तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. आता तू जातोस तिथं कुणी 'कोर्स' देत असेल, तर नीट ऐक: बाहेरून टोचलेलं टेस्टोस्टेरॉन हळव्या मुळांचं काम झटपट उरकतं. सहा महिन्यांत दंड येतात आणि कपाळही येतं. त्याच मित्रानं मिनॉक्सिडिलची तोंडावाटे घ्यायची गोळी दिली तर तीही नको. डॉक्टर ती अल्प मात्रेत देतात, पण छातीत धडधड, पायाला सूज बघत देतात.

बायोटिनच्या गोळ्या? नेहमीचं जेवण जेवणाऱ्या माणसाला त्याची उणीव क्वचित असते. उलट मोठ्या मात्रेत घेतलं की थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये घोळ होतो. तपासायचंच असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातल्या लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, तेही डॉक्टर म्हणाले तर. कोंडा असेल तर किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस डोक्यावर पाच मिनिटं ठेवून. खोबरेल लाव की, केस तुटणं कमी होतं. उगवत नाहीत.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त फिरवून टाळूत टोचणं. काहींना बरं वाटतं, पण पुरावा मिनॉक्सिडिलइतका पक्का नाही आणि बिल मात्र पक्कं असतं.

हेअर ट्रान्सप्लांटचा विचार तू करतोयस हे मला तुझ्या मित्राकडून कळलं. हप्त्यावर करून देतात म्हणे. तू तेवीस वर्षांचा. आज पुढची रेघ भरून घेतलीस आणि मागचं टक्कल पुढची दहा वर्षं सरकत राहिलं, तर कपाळावर केसांचं बेट आणि मागं समुद्र, अशी अवस्था होते. मागची झालर ही मर्यादित पुंजी आहे. तिथून काढलेला केस तिथं परत येत नाही. लावलेले केसही पहिल्या महिन्यात गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात, खरा निकाल नऊ-बारा महिन्यांनी. आणि पुन्हा औषध चालूच ठेवावं लागतं, हे जाहिरातीत सांगत नाहीत. कधी करायचंच ठरलं तर एक प्रश्न विचार: टाळूला चिरा कोण पाडणार? राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये सांगितलंय की हे काम प्रशिक्षित डॉक्टरांचं, म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनसारख्यांचं. "सर येऊन बघून जातात" असं उत्तर आलं तर चप्पल घाल आणि बाहेर पड.

स्थळाचं बोलू का? आईनं तुझा जो फोटो पाठवलाय त्यात तू टोपी घातलीयस. तो बदल. माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात मी केस एका बाजूनं ओढून बसवले होते आणि पंख्याखाली बसलो. तुझ्या काकूंनी लग्नानंतर सांगितलं, तिला माझ्या टकलापेक्षा मी सारखा पंख्याकडं बघत होतो त्याचं हसू येत होतं. बारीक मशीन मारून घे एकदा, बघ तरी कसं दिसतं. आवडलं नाही तर महिन्यात सेंटिमीटरभर परत येतंच.

त्वचारोगतज्ज्ञाकडं जा. खासगी परवडत नसेल तर सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढ, रांगेत थोडं थांबावं लागेल. त्याआधी शनिवारी दुपारी दोननंतर दुकानात ये, गर्दी नसते. फोनवर ट्यूबलाइटखाली डोक्याचे चार फोटो काढून ठेवू, समोरून, वरून, दोन्ही कोपऱ्यांचे; पुढं फरक मोजायला तेच कामी येतात, आरसा रोज वेगळं सांगतो. आणि तू ऑनलाइन मागवलेलं ते तेल घेऊन ये. लेबल बारीक आहे म्हणालास, माझ्याकडं भिंग आहे.

तुझा,
मेडिकलवाला काका

ता. क. येताना हेल्मेट घालून ये. काल हँडलला अडकवून गेलास, मी बघितलं.