मारबत उभी, मिरवणूक आडवी

प्रश्न : नमस्कार ताई. मी नागपुरातल्या एका स्थानिक वृत्तवाहिनीत आउटपुटला आहे. आमच्याकडचे चारही एडिटर जुने आणि हाताचे पक्के आहेत. आता वरून हुकूम आलाय, प्रत्येक बातमीचा रील पाहिजे. आमचे लोक टीव्हीचं पॅकेज (पूर्ण तयार बातमी) मधोमध कापून उभं करतात आणि टाकून मोकळे होतात. मारबतीलाही (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या उंच पुतळ्यांच्या मिरवणुकीलाही) तेच केलं, कोणी पाहिलं नाही. बाहेरून नवीन पोट्टे घ्यावेत की यांनाच शिकवावं? शिकवायचं तर कुठून सुरू करू?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : यांनाच शिकवा, भाऊ. बटणं कुठं आहेत ते कोणीही दाखवेल. बाइट, म्हणजे कोणाच्या बोलण्याचा तुकडा, कुठल्या श्वासावर सोडायचा, ते मात्र तुमच्या चौघांना येतं आणि नव्या पोट्ट्यांना यायला वर्षं लागतील.

आधी त्यांना कागदावर गणित करायला लावा. टीव्हीची फ्रेम १९२० बाय १०८०. तिची उंची तशीच ठेवून उभा तुकडा काढला तर रुंदी उरते जेमतेम ६०८ पिक्सेल. म्हणजे कॅमेरामनने जे टिपलं त्याचा दोन-तृतीयांश भाग गेला, आणि उरलेलं ताणून मोठं केल्यामुळे चित्रही मऊ पडलं. हिवाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमदार बॅनर धरून उभे असतात, तो शॉट असा कापून पाहा. मागणीचे पहिले दोन शब्द गायब, शेवटचे दोन गायब, मधे फक्त ‘मिळालाच’. सॉफ्टवेअरमधलं ऑटो रिफ्रेम, म्हणजे चौकट आपोआप सरकवणारी सोय, इथं फार कामाचं नाही. ते हलणाऱ्या गोष्टीमागे जातं, आणि गर्दीत सगळंच हलत असतं.

म्हणून तयार पॅकेज हातात द्यायचंच नाही. कच्चं फुटेज द्या आणि बातमी नव्याने कापायला सांगा. मारबतीचंच घ्या. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि दोघीही मुळातच उंच. उभ्या फ्रेमला याहून चांगला विषय नागपुरात शोधून सापडायचा नाही, आणि तुमच्या लोकांनी तिचं डोकं कापलं असणार! ती पायापासून चेहऱ्यापर्यंत पूर्ण येऊ द्या. मिरवणूक मात्र आडवी आहे. नेहरू पुतळ्याजवळ दोघी समोरासमोर येतात तो क्षण एका उभ्या चौकटीत मावत नाही. तिथे एक शॉट वर, एक खाली असे दोन थर करा. बडग्याच्या (मारबतीसोबत निघणाऱ्या पुरुषी पुतळ्याच्या) गळ्यातली पाटी वाचून होईपर्यंत शॉट सोडू नका, टीव्हीवर दोन सेकंदांत उडवता तसं नको. सुरुवातीला गच्चीवरून घेतलेला गर्दीचा शॉटही नको आणि चॅनेलचा फिरता लोगो तर नकोच नको. ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी आधी कानावर पडू द्या, चित्र तिच्या मागून आलं तरी चालेल.

यात एक अडचण आहे आणि ती एडिटरच्या हातातली नाही. तुमच्या सर्व्हरवर जे साठतं त्यावर बहुतेक पट्टी, अ‍ॅस्टन (नावाची पाटी), स्क्रोल (खालून सरकणारा मजकूर) सगळं चिकटलेलं असेल. ते कापताना अर्धवट अक्षरं उरतात. क्लीन फीड, म्हणजे अक्षरांविना चित्र, वेगळा ठेवायला पीसीआरला (स्टुडिओच्या नियंत्रण कक्षाला) आजच सांगा, नाहीतर शिकवलेलं सगळं वाया जाईल. फोनवर खालचा साधारण पाचवा भाग खात्याचं नाव आणि मजकूर खातो, उजवी कड लाइक-शेअरची बटणं खातात. त्यामुळे आपली अक्षरं त्याच्या वर. आणि तपासणी फोनवरच करायची, तीही एसीतल्या अंधाऱ्या एडिट रूममध्ये नाही. बाहेर चहाच्या टपरीवर, भर उन्हात, आवाज बंद ठेवून.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. टीव्हीवर अँकर आधी दोन वाक्यांत सांगते की कोण, कुठे, कधी. रीलमध्ये अँकर नसते. मग मागच्या अधिवेशनातला गोंधळ या डिसेंबरमध्ये पुन्हा फिरतो आणि लोक तो आजचाच समजतात. गाव आणि तारीख चित्रातच छापा, खालच्या कॅप्शनवर विसंबू नका. बाइटचंही तसंच. नेता म्हणतो, ‘नुकसानभरपाई मिळेल, पण पंचनामे पूर्ण झाल्यावर.’ वीस सेकंदांत बसवायच्या नादात एडिटर ‘मिळेल’वर कात्री चालवतो. काटोलचा संत्रा उत्पादक तेवढंच ऐकून तलाठ्याकडे जाऊन बसतो. ‘पण’ कापायचा नाही, हा नियम मी प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहून देते. क्लिप लांबली तर लांबू द्या. यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटं आहे, तेव्हा मिनिटभराची जुनी सबब आता चालत नाही.

शिकवण्यासाठी वेगळं शिबिर वगैरे भरवू नका. आठवड्याला एक बातमी, एकच फुटेज, चौघांचे चार रील, आणि रिपोर्टर व कॅमेरामन समोर बसलेले. कॅमेरामनला दोन वेळा तिथे बसवलं की तो आपणहून विषय मधोमध ठेवायला लागतो.

प्रश्न : मॅडम, रीलवर मराठी टाइप केलं की वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. शिवाय टीव्हीवर छान वाटणारा आवाज यूट्यूबवर बारीक येतो. मिरवणुकीच्या व्हिडिओवर तर कॉपीराइटचा क्लेमही आला.
— एक एडिटर, सक्करदरा

उत्तर : प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा आणि फॉन्ट युनिकोडच घ्या. सीजीवरच्या (टीव्हीवर अक्षरं टाकणाऱ्या यंत्रावरच्या) जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच उचलून चिकटवला तर तो गारुड्याचा मंत्र होतो.

आवाजाचं कारण साधं आहे. प्रसारणासाठी बरेचदा उणे २३ एलयूएफएसवर (हे आवाजाची पातळी मोजायचं एकक) मिक्स होतो, यूट्यूबची पातळी उणे १४ च्या आसपास. जास्त मोठा आवाज यूट्यूब खाली आणतं, बारीक आवाज वर उचलत नाही. वेगळा मिक्स काढा.

आणि तो क्लेम डीजेच्या गाण्यावर आला असेल. गाणी प्रसारित करायचा वाहिनीचा परवाना यूट्यूबला आपोआप लागू होत नाही, आणि तिथलं यंत्र मागे वाजणारं गाणंही ओळखतं. पुढच्या मारबतीला रिपोर्टरला सांगा : डीजेची गाडी पुढे जाऊ दे, मग माइक लाव, आणि दोन-तीन मिनिटं नुसत्या आरोळ्या आणि ढोल घेऊन ये.