चार नावं, चेहरा मात्र एकच

तुम्ही विचारलंय की चारही ब्राँझच्या नाण्यांवर नावं वेगळी पण तोंड सेम, म्हणजे विकणाऱ्याने खोटा माल गळ्यात मारला का. निदान तेवढ्यावरून तरी तसं म्हणता येत नाही. ही रोमन सम्राट डायोक्लेशनची फॉलिस (ब्राँझच्या नाण्याचं नाव), इ.स. २९४ च्या आसपास त्याने नाणी बदलली तेव्हाची, आणि तोंडं सारखी काढणं मुद्दामच होतं. दोन ऑगस्टस म्हणजे थोरले सम्राट (डायोक्लेशन, मॅक्सिमियन), त्यांच्या हाताखाली दोन सीझर म्हणजे धाकटे (कॉन्स्टँटियस, गॅलेरियस), चौघं मिळून राज्य करतायत, आमच्यात फूट नाही हे लोकांना दिसायला हवं, मग चौकोनी डोकं, बैलासारखी मान, बारीक कापलेले केस, खुरटी दाढी, सगळ्यांना तेच. आधीच्या सम्राटांचं असं नव्हतं हो, नीरोच्या सेस्टर्शियसवर (तेव्हाचं एक मोठं नाणं) हनुवटीखालची चरबीसुद्धा दिसते आणि व्हेस्पेशियनचं टक्कल, सुरकुत्या काहीच लपवलेलं नाही.

गंमत म्हणजे फॉलिसवर चेहरा बदलतो तो राजापेक्षा टांकसाळीप्रमाणे जास्त. ट्रियरचा कारागीर एक तोंड कोरणार, अलेक्झांड्रियाचा दुसरंच. उलट्या बाजूला तळाशी टांकसाळीची खूण बघा, टी-आर (ट्रियर) किंवा ए-एल-ई (अलेक्झांड्रिया) आहे का.

त्यामुळे तोंड सोडा, अक्षरं वाचा. आणि इथेच मी आपटलो होतो, मॅक्सिमियानुस वाचलं की मॅक्सिमियन धरायचो, दोन वर्षं एकाच पाकिटात ठेवलेली, आणि त्यातली निम्मी निघाली गॅलेरियसची! त्याचंही नाण्यावरचं नाव मॅक्सिमियानुसच. अक्षरांच्या शेवटी ए-व्ही-जी असेल तर ऑगस्टस, म्हणजे मॅक्सिमियन, एन-ओ-बी असेल तर सीझर, म्हणजे गॅलेरियस. पण ३०५ मध्ये थोरले दोघं निवृत्त झाले आणि गॅलेरियस स्वतःच ऑगस्टस झाला, त्यानंतरच्या नाण्यांवर हा नियम चालत नाही, तिथे नावाआधी जी-ए-एल शोधायचं.

नाण्याच्या मागे जिनियस (रोमन लोकांचा रक्षक देव) उभा असेल, डोक्यावर धान्याचं मापटं, हातात शिंग, तर तो चौघांच्याही नाण्यांवर येतो, त्यावरून शंका घेऊ नका. शंका घ्यायची ती कडेवर, गोल फिरणारी सांध्याची रेघ दिसली तर नाणं ओतीव, म्हणजे साच्यात ओतून केलेलं नकली, असायची शक्यता मोठी. आणि चारही नाण्यांवर एकच खड्डा अगदी त्याच जागी असेल तर मात्र पैसे परत मागा.

कडेचे फोटो आणि वजन टाका, चांगलं नाणं साधारण १० ग्रॅमच्या आसपास भरतं. आणि प्लीज, चिंच-लिंबू लावून घासू नका, यावर चांदीचा पातळ मुलामा असायचा, खाचांत थोडा उरला असेल तर तोही जाईल.