आजोबांच्या साप्ताहिकाचे अंक आणि वडिलांचा प्रबंध: फोटो काढून ठेवले की झालं का?

तुम्ही विचारलं आहे की, आजोबा तालुक्याच्या गावातून 1954 ते 1973 साप्ताहिक चालवत, त्याचे अंक आणि वडिलांचा ज्वारीवरचा पीएच.डी.चा प्रबंध घरात पडून आहे. मोबाइलवर फोटो काढून ड्राइव्हवर टाकले तर पुरे ना, आणि मग गठ्ठे रद्दीत द्यायला हरकत नाही ना?

गठ्ठे देऊ नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी 26 वर्षं एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. 2007 साली आम्ही स्थानिक साप्ताहिकांचे जुने अंक स्कॅन करून घेतले. सीड्या आल्या, कपाटात बसल्या, आणि जागा हवी म्हणून मूळ गठ्ठे विकले गेले. मीही अडवलं नाही. 2016 साली एक संशोधक विद्यार्थिनी कोयनेच्या भूकंपाच्या बातम्या शोधत आली. 14 सीड्यांपैकी 5 उघडल्याच नाहीत. उघडल्या त्यांत फाइलींची नावं 0001, 0002 अशी. डिसेंबर 1967 सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. सापडलेल्या पानावर आतल्या स्तंभाची अर्धी अक्षरं बांधणीच्या शिवणीत गेलेली. मूळ अंक हाताशी असता तर शिवण उसवून ते पान पुन्हा काढता आलं असतं. ती मुलगी "असू दे सर" म्हणून निघून गेली. मला ते अजून लागतं.

ती बातमी तिला का हवी होती, ते सांगतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपाची नोंद यंत्रांनी केलीच. पण कोणत्या गावात भिंती पडल्या, कुठे नुसती मांडणीवरची भांडी वाजली, हे यंत्र सांगत नाही. धक्क्याची तीव्रता गावागणिक ठरवायला असली वर्णनंच लागतात, आणि ती मुंबई-पुण्याच्या दैनिकांपेक्षा तालुक्याच्या साप्ताहिकात जास्त सापडतात. 1972 च्या दुष्काळाचंही तसंच. कोणता तलाव आटला, खडी फोडायची कामं कुठे निघाली, रेशनवर मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) किती मिळाला, बाजारात ज्वारी काय भावाने गेली. आता तुमच्या वडिलांचा प्रबंध त्याच पट्ट्यातल्या ज्वारीवरचा असेल, तर या दोन्ही वस्तू शेजारी ठेवून वाचायच्या आहेत. शेतीच्या अभ्यासकाला अशी जोडी सहसा मिळत नाही.

आता कामाचं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल तयार होतं, म्हणून तो पिवळा पडून घडीवर तुटतो. घड्या उलगडून अंक सपाट ठेवा, गंजलेल्या पिना काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. पान आत ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये घालू नका; वरून फोटो घेणारा स्कॅनर किंवा स्टँडला लावलेला चांगला कॅमेरा वापरा. शक्य असेल तर 400 डीपीआय (म्हणजे इंचाला 400 ठिपके), आणि मूळ प्रत टिफ या तपशील न गाळणाऱ्या स्वरूपात. जेपीजी लोकांना पाठवायला ठीक आहे, पण ती फाइल आकार कमी करताना थोडा तपशील टाकून देते.

फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, तारीख, पान: 1967-12-16-पान-01. नावावरून लावल्या की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने बसतात. सोबत एक साधा तक्ता करा: तारीख, वर्ष-अंक, पानं, कोणता अंक नाही, कोणतं पान फाटलंय. माझ्या मते हा तक्ता स्कॅनइतकाच मोलाचा आहे, आणि तो देवनागरीत करा. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या सरकारी प्रकल्पात लाखो पुस्तकं स्कॅन झाली, पुढे ते संकेतस्थळ बंद पडलं. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहात प्रती गेल्या होत्या म्हणून ती आज वाचता येतात. पण कितीतरी मराठी पुस्तकांची नावं तिथे रोमन अक्षरांत, वाटेल त्या स्पेलिंगने टाकलेली आहेत. पुस्तक आहे, पण मराठीत शोधणाऱ्याला ते दिसत नाही.

तुमचे जवळजवळ निम्मे अंक 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे आहेत, हेही लक्षात असू द्या. 'पुणें', 'झालें', 'गांवांत' असं छापलेलं असेल, आणि आजच्या लेखनाने शोधलं की ते निसटू शकतं. संगणकाकडून अक्षरओळख करून घेतली तरी झिजलेल्या खिळ्यांच्या (शिशाच्या अक्षरठशांच्या) छपाईत चुका राहतातच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर वाचकच जुन्या वर्तमानपत्रांचा मजकूर ओळीओळीने दुरुस्त करतात. गावातली चार मुलं बसवलीत तर तुम्हालाही ते जमेल.

प्रती तीन ठेवा: एक घरात, एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे, एक इंटरनेटवर. वर्षातून एकदा उघडून पाहा.

प्रबंध कृषी विद्यापीठाचा असेल तर आधी 'कृषिकोश' या संकेतस्थळावर शोधा. तिथे कृषी विद्यापीठांचे जुने प्रबंधही चढवलेले आहेत. इतर विद्यापीठाचा असेल तर 'शोधगंगा' हे प्रबंधांचं संकेतस्थळ पाहा. नसेल तर त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला स्वतः पत्र लिहा.

कॉपीराइटबद्दल थोडक्यात: निनावी मजकूर प्रसिद्ध झाल्यानंतर 60 वर्षांनी खुला होतो, नावानिशी लेख लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी. म्हणून जुन्या बातम्या आधी खुल्या करा; नावाचे लेख आणि कविता वेगळ्या काढून ठेवा, त्यांच्या वारसांना विचारा.

सुरुवात 1967 च्या गठ्ठ्यापासून करा. 11 डिसेंबरनंतरचा पहिला अंक शाबूत असेल तर इथे कळवा. त्यातला भूकंपाचा मजकूर मी टाइप करून देतो.