शेंदुर्णीचं बंद रेल्वे स्टेशन मुळात बांधलं कशासाठी?

तुम्ही विचारलंय की अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याला, शेंदुर्णीसारख्या गावात एवढंसं रेल्वे स्टेशन आलं कुठून आणि ते बंद का पडलं. मी तिथलाच, जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यातला, म्हणून लिहितो.

आमच्याकडं बरेच जण छातीठोकपणे सांगतात की ही गाडी साहेबानं अजिंठा लेणी बघायला टाकली. याच मार्गावरच्या पहूरपासून लेणी वीसेक किलोमीटरवर आहेत, त्यामुळं ते पटतंही. पण लेणी बघणाऱ्या चार पाहुण्यांसाठी ५६ किलोमीटर रूळ कोण टाकेल? गाडी आली ती कापसापायी.

मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० च्या दशकात चाळीसगाव, पाचोरा करत भुसावळला पोचली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१-६५), तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या काळ्या जमिनीला भाव आला. पाचोऱ्याला स्टेशन होतं, तिथं जिनिंग-प्रेस, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणारे कारखाने, आले. शेंदुर्णी, पहूर, जामनेरचा माल मात्र नदीनाले ओलांडत बैलगाडीनंच तिथवर न्यावा लागे. हे अंतर तोडायला १९१८-१९ मध्ये पाचोरा ते जामनेर अशी नॅरोगेज टाकली गेली. तीच आमची पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर.

तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. हलके रूळ, छोटे पूल, वळण हवं तिथं घेता येतं, म्हणजे खर्च कमी. माझ्या मते तिच्या अंताचं बीही यातच होतं. पाचोऱ्याच्या मोठ्या लाईनवर हे डबे चढू शकत नाहीत. म्हणजे शेंदुर्णीला भरलेला माल पाचोऱ्याला उतरवायचा आणि मोठ्या वाघिणीत (मालडब्यात) पुन्हा भरायचा. हमाली दोनदा, वेळ दुप्पट, नासधूस वेगळी. बैलगाडीशी तुलना होती तोवर हे चालून गेलं. पुढं डांबरी रस्ते झाले आणि ट्रक थेट जिनाच्या दारात येऊन उभा राहू लागला. मग व्यापारी रेल्वेकडं कशाला फिरकतो?

मालाची गाडी अशी हळूहळू माणसांची गाडी झाली. एसटीच्या मानानं तिकीट अगदीच किरकोळ, त्यामुळं बाजाराला जाणाऱ्या बाया, शाळा-कॉलेजची पोरं, शेतमजूर सगळे पीजेवर. डब्यात जागा नसली की टपावर. वेग असा की घाई असलेला माणूस मुकाट्यानं बस पकडायचा. वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं तरी चाल काही बदलली नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाची तक्रारही नव्हती. तोट्याची गाडी म्हणून ती बंद करायची भाषा मात्र अधूनमधून कानावर यायचीच.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या, त्यात हीही थांबली. बाकीच्या बहुतेक पुढं सुरू झाल्या, ही झाली नाही. म्हणून "कोरोनानं पीजे बंद पाडली" असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. नंतर हा मार्ग ब्रॉडगेज करून जामनेरच्या पुढं बोदवडपर्यंत, एकूण सुमारे ८४ किलोमीटर न्यायचा प्रकल्प पुढं आला. बोदवड भुसावळ-नागपूर मार्गावर आहे. म्हणजे जामनेरला संपणारी लाईन पहिल्यांदाच दोन्ही टोकांनी मोठ्या लाईनला जोडली जाईल, आणि मधे माल उतरवायची गरज उरणार नाही. शंभर वर्षांपूर्वी हेच केलं असतं तर तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता, असं मला वाटतं. अर्थात तेव्हा पैसा कुणाचा आणि हिशोब कुणाचा, हा वेगळा विषय.

आता गावाबद्दल, कारण शेंदुर्णी काही स्टेशनमुळं वसलेली नाही. ती त्याच्या कितीतरी आधीची बाजारपेठ. अठराव्या शतकातले संत कडोजी महाराज इथलेच, त्रिविक्रमाचं देवस्थान त्यांच्याशी जोडलेलं, आणि कार्तिकात इथं रथ निघतो, मोठी यात्रा भरते. गाडी चालू होती तेव्हा यात्रेकरूंना ती सोयीची होती, पण गाडी गेली म्हणून यात्रा काही ओस पडली नाही. एसटी, रिक्षा, काळीपिवळी भरभरून येतात.

परत याल तर कार्तिकातच या. स्टेशन बघायला पाच मिनिटं पुरतात, मंदिर आणि बाजार यांना अर्धा दिवस ठेवा.